गुडघ्यासाठी मागवलेल्या सीबीडी कॅप्सूल्स: मालाला तीन तारे, लेबलला एक

सीबीडी म्हणजे भांगेच्या झाडातलं कॅनाबिडिऑल हे द्रव्य; त्याच्या कॅप्सूल्स मी गुडघेदुखीसाठी घेऊन पाहिल्या. आधी निकाल सांगते, मग कारणं. कॅप्सूल म्हणून माल बरा आहे. शेल चिकटत नाही, तेल झिरपत नाही, गिळल्यावर उग्र ढेकर येत नाही. गुडघ्याला मला काडीचा फरक पडला नाही. झोप गाढ लागते, पण ती कशामुळे ते पुढे येईलच. आणि लेबल वाचून स्वतःची मात्रा ठरवायची म्हटली, तर सामान्य गिऱ्हाईक हमखास चुकेल. हा रिव्ह्यू लांबलाय तो त्या लेबलमुळे.

मी फार्मासिस्ट. गिरगावात आमचं मेडिकलचं दुकान होतं, ते विकून आता मुलुंडला राहते. बाटली हातात आली की पुढच्या बाजूचं चित्र सोडून मागचं बारीक अक्षर वाचायचं, ही सवय काउंटर सुटला तरी सुटलेली नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मैत्रिणींच्या घरी याच प्रकारच्या दुसऱ्या बाटल्या पाहिल्या, त्यांच्यावरही हाच घोळ होता.

खरेदी ऑनलाइन. ऑर्डर टाकायला गेलं की चिठ्ठी मागतात, नसेल तर त्यांच्याच वैद्यांशी व्हिडिओ कॉल जोडून देतात. काहींना ही कटकट वाटते, मला बरं वाटलं. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे या झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर राहतात. त्या फटीतून आपल्याकडची ही औषधं येतात: पानांचा अर्क, ‘विजया’ या भांगेच्या आयुर्वेदिक नावाने, आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर. औषध नियमांच्या अनुसूची ई(1) मध्ये भांग विषारी द्रव्यांत आहे, म्हणून असल्या पोटात घ्यायच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं अशी सूचना इंग्रजीत आणि हिंदीत छापावी लागते. माझ्या बाटलीवर ती होती, परवाना क्रमांक होता, बॅच नंबर आणि एक्सपायरी पुसट नव्हती. इथवर सगळं ठीक. जिममधल्या कोचकडे किंवा इन्स्टाग्रामवर चिठ्ठीशिवाय जे ‘सीबीडी’ मिळतं, त्याच्या बाटलीवर हे चार तपशील शोधून पाहा. सापडले नाहीत तर पुढे वाचायचीही गरज नाही, परत करा.

आणखी एक गल्लत दुकानांत सर्रास चालते. हेम्प सीड ऑइल, म्हणजे याच झाडाच्या बियांचं तेल, अन्न म्हणून विकायला एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, 2021 मध्ये परवानगी दिली. ते चटणीत घाला, कोशिंबिरीवर घाला. त्यात सीबीडी नावापुरतंच असतं. त्याच्या कॅप्सूल्स करून हिरवं पान छापून चढ्या भावाने विकणारे आहेत.

आता वैद्यबुवा. तरुण, अदबशीर. गुडघा कधीपासून दुखतो, झोप कशी, पोट साफ होतं का, सगळं विचारलं. चालू गोळ्या कोणत्या हे विचारलं नाही. मीच माझ्या रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सांगितल्या, अ‍ॅम्लोडिपिन आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन.

“चालेल, रात्री जेवणानंतर दोन घ्या.”

एवढ्यावर कॉल संपला.

माझा पहिला तारा इथे गेला. सीबीडी यकृतातल्या ज्या एन्झाइम्सना अडवतं, त्यांच्यावरच आपल्या निम्म्या गोळ्यांचा निचरा अवलंबून असतो. निचरा मंदावला की तीच गोळी अंगात जास्त साठते. वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेल्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) वर गेल्याच्या नोंदी आहेत. रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या क्लोपिडोग्रेलची गोष्ट उलटी: ते शरीरात गेल्यावर एका एन्झाइमकडून ‘चालू’ व्हावं लागतं, आणि सीबीडी तेच एन्झाइम अडवतं. फिटसाठी क्लोबाझाम घेणाऱ्यांना भयंकर गुंगी येऊ शकते, व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांच्या यकृताला जास्त धोका. आमच्या ह्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, वॉर्फरिन कायमचं चालू आहे. “मलाही एक देऊन बघ ना, कंबरेला,” असं त्यांनी म्हणताच मी बाटली माझ्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. पुढे त्यावर घरात चर्चा नाही.

मी कॅप्सूल उघडण्याआधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एसजीपीटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करून घेतली आणि सुरू केल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा करायला सांगितलं. उगाच नाही. 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या (अन्न-औषध प्रशासनाच्या) शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत धडधाकट माणसांना वजनाच्या किलोमागे रोज 5 मिलिग्रॅम सीबीडी चार आठवडे दिलं, तर त्यांतल्या काहींची यकृताची एन्झाइम्स मर्यादेच्या तिपटीवर गेली. ती मात्रा माझ्या मात्रेच्या कितीतरी पट होती हे खरं, पण साठी ओलांडलेल्या, आधीच दोन गोळ्या घेणाऱ्या बाईने तपासणीचे पैसे वाचवू नयेत.

आता लेबल. पुढे ठळक अक्षरात ‘1500 मिग्रॅ’. बाटलीत साठ कॅप्सूल्स. म्हणजे आकडा अख्ख्या बाटलीचा, एका कॅप्सूलमागे 25. ठीक आहे, भागाकार येतो आपल्याला. पण 25 मिलिग्रॅम कशाचे? मागे लिहिलंय: विजया पत्र अर्क. अर्क म्हणजे सीबीडी नव्हे. अर्कात सीबीडी असतं, टीएचसी (ज्याने नशा येते ते) असतं, मेण, हरितद्रव्य आणि झाडातलं इतर बरंच काही असतं. वेबसाइटवर मथळ्यात ‘सीबीडी’ टपोऱ्या अक्षरात, आणि एका कॅप्सूलमध्ये सीबीडी किती हे बाटलीवर, खोक्यावर, आतल्या चिठोऱ्यावर कुठेही नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं. “मॅडम, हंड्रेड पर्सेंट नॅचरल आहे.” मी म्हटलं, धोतराही नॅचरल आहे, मला प्रयोगशाळेचा रिपोर्ट पाठवा. मग पीडीएफ आली, पण तिच्यावरचा बॅच नंबर माझ्या बाटलीशी जुळेना. दुसऱ्या बॅचचा रिपोर्ट म्हणजे शेजाऱ्याची साखर तपासून मला गोळी देण्यासारखं. पुन्हा पाठपुरावा केला, तेव्हा कुठे बरोबर कागद आला. त्यात शिसं, आर्सेनिक, पारा, कॅडमियम, कीटकनाशकं आणि अर्क काढायला वापरलेल्या द्रावकाचा अंश, हे सगळं मर्यादेत होतं. यासाठी कंपनीला मान दिला पाहिजे. आणि शेवटी तो आकडा: एका कॅप्सूलमध्ये सीबीडी साधारण 10 मिलिग्रॅम, टीएचसी 2 च्या वर.

टीएचसीचंच एक औषध आहे, ड्रोनाबिनॉल. त्याची सुरुवातीची मात्रा 2.5 मिलिग्रॅम असते. म्हणजे वैद्यबुवांच्या दोन कॅप्सूल्सनी मला पहिल्याच रात्री नवख्या माणसाला पुरेल त्याहून जास्त टीएचसी मिळालं असतं, आणि मध्यरात्री बाथरूमला उठताना चक्कर आली असती तर गुडघ्याऐवजी खुब्याचं ऑपरेशन. माझी ती गाढ झोपही बहुधा या टीएचसीची. जाहिरातीत ज्याचं नाव नाही त्याचं काम!

‘0.3 टक्क्यांहून कमी टीएचसी’ असं काही बाटल्यांवर मिरवतात. तो आकडा अमेरिकेच्या 2018 च्या फार्म बिलमधून, म्हणजे शेतीच्या कायद्यातून आला, शेतातल्या झाडाच्या कोरड्या वजनासाठी. टक्क्यावर भुलू नका, मिलिग्रॅम मागा. 500 मिलिग्रॅम वजनाच्या कॅप्सूलमध्ये 0.3 टक्के म्हणजे दीड मिलिग्रॅम झालं.

रिपोर्टचा एवढा हट्ट का, तर 2017 मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात एक तपासणी छापून आली होती. अमेरिकेत ऑनलाइन मिळणारी 84 सीबीडी उत्पादनं तपासली, त्यांतल्या जेमतेम 31 टक्क्यांवरचा आकडा बरोबर निघाला. काहींत लिहिल्याहून जास्त, काहींत कमी, आणि 18 उत्पादनांत टीएचसी सापडलं.

मग मी घेतलं कसं? एकच, रात्री, आणि वाढवलं नाही. ब्रिटनच्या अन्न सुरक्षा खात्याने 2023 मध्ये निरोगी प्रौढांसाठी सीबीडीची रोजची मर्यादा 70 वरून 10 मिलिग्रॅमवर आणली, तेव्हा माझी एक कॅप्सूल तिथेच टेकते. कॅप्सूलची अडचण ही की ती अर्धी करता येत नाही. तेल असलं तर थेंब कमी करता येतात. कॅप्सूलच हवी असेल तर सगळ्यात कमी ताकदीची घ्या. ‘एक्स्ट्रा स्ट्रेंथ’ स्वस्त पडते म्हणून पहिल्यांदा तीच उचलू नये.

जेवणाचं विसरू नका. तुपातेलाच्या जेवणासोबत सीबीडी उपाशीपोटीपेक्षा चौपट-पाचपट शोषलं जातं. म्हणजे एकादशीला रिकाम्या पोटी घेतलेली आणि होळीला तुपात भिजलेल्या पुरणपोळीवर घेतलेली कॅप्सूल, आकडा तोच असला तरी मात्रा तीच नाही. मी रोज रात्री भाजी-पोळीच्या जेवणानंतर लगेच घेत होते, सणाला टाळत होते. परिणाम जाणवायला तास-दोन तास, कधी त्याहून जास्त लागतात, म्हणून ‘काहीच होत नाहीये’ म्हणून दुसरी गिळायची नाही. रोज घेतल्यावर ते अंगात साठतही जातं, तेव्हा दोन दिवसांत निष्कर्ष काढू नका. त्या रात्री गाडी चालवायची नाही, दारू नाही, झोपेची गोळी नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी अजिबात नाही.

गुडघ्याचं म्हणाल तर माझ्या एकटीच्या अनुभवाला फार किंमत देऊ नका. व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या संधिवातावर पॅरासिटामॉलच्या जोडीला रोज 600 मिलिग्रॅम सीबीडी देऊन पाहिलं, 2023 मध्ये ते छापून आलं. औषध नसलेल्या खोट्या कॅप्सूलपेक्षा दुखणं जास्त कमी झालं नाही. 600 ने जे झालं नाही ते माझ्या 10 ने कसं होणार? सीबीडीची खरी सिद्धता लहान मुलांच्या काही दुर्मिळ, हट्टी फिट्सवर आहे. एपिडायोलेक्स हे औषध अमेरिकेत 2018 मध्ये त्यासाठी मंजूर झालं. तिथे मात्रा किलोमागे रोज 10 ते 20 मिलिग्रॅमपर्यंत जाते, न्यूरॉलॉजिस्टच्या नजरेखाली, यकृताच्या तपासण्या करत. कोणी आईबापांनी असल्या बाटलीतून पोराची मात्रा घरी जुळवायला जाऊ नये.

किरकोळ तक्रारी: शेल जिलेटिनचं आहे आणि ते फार बारीक लिहिलंय, शाकाहारी लोकांनी पाहून घ्यावं. आत तिळाचं तेल आहे, तिळाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी सावध. झाकण साधं, पोरांना सहज उघडेल असं. भाव बाटलीला अडीच हजारांच्या घरात, आणि तो ‘1500’ चा भाव आहे. सीबीडीच्या हिशेबाने 600 चा.

दुबईला मुलाकडे जाताना बाटली बॅगेत टाकण्याचा विचारही करू नये, चिठ्ठी असली तरी. तिथले नियम फार कडक आहेत.

बाटली संपवली नाही, नवी मागवणार नाही. भाचा मर्चंट नेव्हीत आहे. परवा येऊन म्हणाला, “मावशी, उरलेल्या मला दे, बोटीवर झोप नाही लागत.” दिल्या नाहीत. पुढच्या महिन्यात त्याची मेडिकल आहे आणि लघवीच्या तपासणीत टीएचसी पकडलं जातं. ते वैद्यांच्या चिठ्ठीतल्या कॅप्सूलमधून आलं की आणखी कशातून, हे त्या पट्टीला कळत नाही.