बिल कमी झाले, बंधन वाढले

घरच्या इंटरनेट आणि केबल टीव्हीचे एकत्रित बिल कमी करून देतो, असे सांगून सेवा देणाऱ्या कंपनीच्या अधिकृत प्रतिनिधीने मला ज्या करारात गुंतवले, त्याची हकीकत इथे तपशिलाने देत आहे. यात कोणी तोतया नव्हता, बनावट संकेतस्थळ नव्हते आणि खात्यातून परस्पर रक्कमही गेली नाही. फोन मी केला होता, तो कंपनीच्या खऱ्या क्रमांकावर लागला होता आणि पुढे जे काही झाले ते कागदोपत्री माझ्या संमतीने झाले. त्यामुळेच ही फसवणूक ध्यानात यायला वेळ लागतो आणि ध्यानात आल्यावर ती सिद्ध करणे त्याहून कठीण जाते. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण एक नाव वाचून बाकीच्यांबद्दल निर्धास्त व्हावे अशी परिस्थिती नाही.

नव्या ग्राहकाला सुरुवातीचा काही काळ सवलतीचा दर द्यायचा आणि ती मुदत संपली की दर गाजावाजा न करता मूळ पातळीवर न्यायचा, ही या व्यवसायातली जुनी रीत आहे. दर वाढतो त्याच सुमारास किमान मुदतीचे बंधनही पुष्कळदा संपलेले असते. म्हणजे ग्राहक सर्वांत जास्त पैसे मोजत असतो, तेव्हाच तो कोणताही दंड न भरता सोडून जायला मोकळा असतो. घासाघीस करताना त्याच्या हातात खरे बळ असते ते या मोकळिकीचे, आणि कंपनीला हे ग्राहकापेक्षा कितीतरी आधीपासून ठाऊक असते. मी फोन केला तेव्हा माझीही स्थिती हीच होती: सवलत संपून बिल वाढलेले, करार संपलेला, आणि दुसऱ्या कंपनीचा स्वस्त दर समोर.

‘सेवा बंद करायची आहे’ असे म्हणताच फोन नेहमीच्या ग्राहक सेवेकडून दुसऱ्या विभागाकडे गेला. सोडून जाणाऱ्या ग्राहकाला थोपवणे एवढेच या विभागाचे काम असते, आणि तिथल्या माणसांची कामगिरी किती जणांना थोपवले यावर जोखली जाते. त्यांच्यापुढे सवलतींची एक उतरंड असते. सर्वांत किरकोळ सवलत आधी पुढे करायची, ग्राहक अडून बसला तर पुढची, असा तो क्रम असतो. ‘यापेक्षा कमी मला करताच येत नाही’ हे वाक्य त्या उतरंडीच्या प्रत्येक पायरीवर ऐकू येते, म्हणून त्याला फारसा अर्थ नाही. माझ्याशी बोलणारी व्यक्ती अत्यंत नम्र होती. तिच्या आवाजातली आपुलकी खोटी होती असे मला आजही वाटत नाही. पण त्या आपुलकीचा आणि करारातल्या अटींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, हे नंतर कळले.

दोन सवलती मी नाकारल्यावर तिसरी आली. बिल जवळपास एक चतुर्थांशाने खाली येईल, वेग तोच राहील, वाहिन्याही त्याच राहतील, आणि ‘तुम्ही जुन्या ग्राहक आहात म्हणून’ इंटरनेट सुरक्षेचे एक पॅकेज मोफत मिळेल, असे मला सांगण्यात आले. नवी मुदत सुरू होणार आहे का, हा प्रश्न मी स्पष्ट शब्दांत विचारला होता. त्यावर ‘काळजी करू नका, तुमचा प्लॅन फक्त अपडेट होतोय,’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर ‘हो’ही नव्हते आणि ‘नाही’ही नव्हते.

त्यानंतर त्या व्यक्तीच्या बोलण्याचा वेग एकदम वाढला. “मॅडम, आपल्या विनंतीनुसार प्लॅन बदलत आहोत, लागू अटी व शर्ती आपल्याला मेसेजने मिळतील, मुदत व शुल्क निवडलेल्या प्लॅनप्रमाणे राहील, आपण सहमत आहात ना? कॉल रेकॉर्ड होत असल्यामुळे फक्त ‘हो’ म्हणा.” हे सगळे एका दमात म्हटले गेले. मी ‘हो’ म्हणाले, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला आणि व्यवहार पूर्ण झाला. आधीचे सगळे लाघवी संभाषण कराराच्या दृष्टीने केवळ गप्पा होत्या. करार झाला तो या शेवटच्या वाक्यावर. ‘मुदत व शुल्क निवडलेल्या प्लॅनप्रमाणे’ या मोघम शब्दांच्या पोटात काय दडले आहे, हे ओटीपी मागेपर्यंत सांगितले गेले नव्हते. अटींचा मेसेज आला तो ओटीपी दिल्यानंतर, आणि त्यातही अटी नव्हत्या, एक लिंक होती.

पहिले बिल खरोखरच कमी आले, त्यामुळे संशय यायचे कारण उरले नाही. बिलाच्या मधल्या तारखेला योजना बदलली की त्या बिलात जुन्या योजनेचे उरलेले दिवस, नव्या योजनेचे सुरुवातीचे दिवस, आगाऊ आकारलेली रक्कम आणि तिची वजावट, असे सगळे एकत्र येते. असे बिल मागच्या कोणत्याच बिलाशी ताडून पाहता येत नाही. खरे चित्र पुढच्या सलग बिलांत दिसू लागले.

जुने आणि नवे बिल शेजारी शेजारी ठेवून ओळीला ओळ लावली, तेव्हा उघड झाले ते असे. योजनेचा मूळ दर कमी झालेलाच नव्हता, उलट थोडा वाढला होता. सवलत म्हणून जे मिळाले होते ते ‘लॉयल्टी क्रेडिट’ नावाच्या वेगळ्या ओळीत वजा दाखवले होते, आणि त्या ओळीला कराराच्या मुदतीपेक्षा बरीच आधीची अंतिम तारीख होती. मोफत म्हणून दिलेले सुरक्षेचे पॅकेज प्रारंभिक काळ संपताच सशुल्क झाले होते. ते बंद करण्याची जबाबदारी ग्राहकावर होती आणि तशी आठवण कोणी करून दिली नव्हती. राउटरचे भाडे ही ओळ नव्याने अवतरली होती. माझा राउटर मी स्वतः विकत घेतलेला आहे. वाहिन्यांच्या संचाचे नाव जवळपास तेच असले तरी संच खालच्या श्रेणीचा होता, आणि नेमक्या रोज पाहिल्या जाणाऱ्या दोन वाहिन्या त्यातून गळाल्या होत्या.

वेगाची गोष्ट जरा विस्ताराने सांगायला हवी, कारण ‘वेग तोच राहील’ हे आश्वासन अर्धसत्य होते. जाहिरातीतला आकडा प्रामुख्याने डाउनलोडचा असतो आणि त्याच्यामागे ‘पर्यंत’ हा शब्द असतो. केबलच्या जाळ्यावरून येणाऱ्या इंटरनेटमध्ये अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा मुळातच खूप कमी ठेवलेला असतो. माझ्या नव्या योजनेत डाउनलोडचा आकडा कायम होता, अपलोडचा मात्र निम्म्याहून खाली आणला होता. चित्रपट पाहताना हे कळत नाही. व्हिडिओ बैठकीत समोरच्याला आपले चित्र गोठलेले दिसू लागते, तेव्हा कळते. शिवाय योजनेतले एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट, आणि ८ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट वेगाने उतरते. या घोळाचा फायदा तक्रारीच्या वेळी हमखास घेतला जातो: ग्राहक बाइट मोजत असतो, समोरून उत्तर बिटांत येते.

हे सर्व एक वेळ सोसण्याजोगे होते. दुसऱ्या कंपनीकडे जायचे ठरवून चौकशी केली, तेव्हा मुख्य गोष्ट समोर आली. ‘प्लॅन अपडेट’ झाला त्या तारखेपासून माझ्यावर २४ महिन्यांची नवी किमान मुदत लागू झाली होती आणि आधी बाहेर पडायचे तर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात शुल्क भरावे लागणार होते. क्रेडिट संपल्यानंतरचे वाढीव महिने आणि ते शुल्क यांची बेरीज केली, तर ती मिळालेल्या सगळ्या सवलतीला पुरून उरत होती. मी मासिक रकमेवर घासाघीस करत होते आणि समोरून सौदा चालला होता तो माझ्या मोकळिकीचा. दोन-चार महिन्यांची सवलत देऊन कंपनीने ती मोकळीक पुढच्या दोन वर्षांसाठी विकत घेतली होती.

तक्रार केल्यावर आधी ‘सिस्टीममध्ये असे कोणतेही आश्वासन नोंदलेले नाही’ असे उत्तर मिळाले. तक्रार क्रमांक मिळे आणि काही दिवसांत ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा मेसेज येई. निकाल काय लागला हे मात्र त्यात नसे. संभाषणाच्या ध्वनिमुद्रणाची मागणी लेखी लावून धरल्यावर अखेर एक छोटी फाइल आली. ती सुरू होत होती ‘आपल्या विनंतीनुसार प्लॅन बदलत आहोत’ या वाक्यापासून आणि माझ्या ‘हो’वर संपत होती. आधीचे संभाषण, म्हणजे जिथे आश्वासने दिली गेली तो सगळा भाग, ‘उपलब्ध नाही’ असे कळवण्यात आले.

याच काळात समाजमाध्यमावर मी उघड तक्रार लिहिली, तेव्हा अगदी थोड्या वेळात कंपनीच्या बोधचिन्हासह एका ‘ग्राहक सेवा’ खात्याने उत्तर देऊन माझा क्रमांक मागितला. फोन आला, आणि परतावा देण्यासाठी मोबाइलची स्क्रीन समोरच्याला दाखवणारे ॲप उतरवून घ्या, असे सांगण्यात आले. हे मात्र अस्सल भामटे होते. चिडलेला ग्राहक परताव्याच्या नावाने पटकन बोलतो, हे जाणून अशा तक्रारींवर पाळत ठेवली जाते. फोनवर दिसणारा क्रमांकही बनावट दाखवता येतो. परतावा घेण्यासाठी ओटीपी, पिन किंवा दूरस्थ नियंत्रणाचे ॲप कधीच लागत नाही. बिल निम्मे करून देतो, काही महिन्यांचे पैसे गिफ्ट कार्डाने आगाऊ भरा, असे सांगणारे फोन याच जातकुळीतले असतात.

कंपनीच्या आतून होणारी लबाडी किती सार्वत्रिक आहे, याचा अंदाज तिला आवरण्यासाठी ठिकठिकाणी केलेल्या नियमांवरून येतो. ग्राहकाच्या स्वतःच्या उपकरणाचे भाडे आकारू नये, हे सांगण्यासाठी अमेरिकेला डिसेंबर २०१९ मध्ये कायदा करावा लागला. तिथेच २०२४ पासून इंटरनेटच्या प्रत्येक योजनेसोबत एक ठरावीक माहितीपत्रक द्यावे लागते, आणि दर सुरुवातीपुरता आहे का, नंतर तो किती होईल, आधी सोडल्यास शुल्क किती, हे त्यात लिहावे लागते. युरोपीय संघाच्या २०१८ च्या दूरसंचार संहितेने ग्राहकावरचे किमान मुदतीचे बंधन २४ महिन्यांपेक्षा जास्त असू नये असे ठरवले आणि करारापूर्वी त्याचा लेखी सारांश देणे बंधनकारक केले. ब्रिटनमध्ये करार संपत आल्याची आगाऊ सूचना २०२० पासून द्यावी लागते, आणि जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत मधल्या काळातली दरवाढ महागाईच्या टक्केवारीआड न लपवता रोख रकमेत सांगावी लागते. यातली प्रत्येक अट कुठल्या ना कुठल्या ग्राहकाने सोसलेल्या प्रकारावरून आली आहे, हे माझे बिल हातात घेऊन वाचताना सहज जाणवते.

आपण जिथे असू तिथला नियम काहीही असो, ‘हो’ म्हणण्यापूर्वी प्रस्ताव ईमेलने मागवता येतो. ‘आजच निर्णय घेतला तरच ही सवलत’ असे सांगितले जाईल. ते मानू नये, कारण सोडून जाणाऱ्या ग्राहकासाठी ती सवलत दुसऱ्या दिवशीही बहुतेक वेळा शिल्लक असते. ईमेलमध्ये मूळ दर आणि क्रेडिट वेगवेगळे लिहिलेले हवेत, क्रेडिटची शेवटची तारीख हवी, त्यानंतरची कर धरून पूर्ण रक्कम हवी, अपलोडचा वेग आणि वाहिन्यांची यादी हवी, आणि नवी मुदत सुरू होते की नाही हे हो किंवा नाही अशा एका शब्दात हवे. मुदत सुरू होत असेल, तर निदान क्रेडिटही तेवढीच मुदत टिकले पाहिजे, एवढा आग्रह धरता येतो. मोफत मिळणारे कोणतेही पॅकेज तिथल्या तिथे नाकारणे श्रेयस्कर. आणि दुसऱ्या कंपनीचा दर हाताशी ठेवताना ती आपल्या पत्त्यावर खरोखर जोडणी देते का, याची आधी खात्री करावी, कारण समोरची व्यक्ती ते बोलता बोलता तपासत असते.

सेवा सोडायचीच ठरली तर स्वयंचलित भरणा नुसता थांबवून भागत नाही. करार तसाच चालू राहतो, थकबाकी साचते आणि पुढे वसुलीचा तगादा लागतो. बंद करण्याची तारीख लेखी घ्यावी आणि सेट-टॉप बॉक्स परत करताना त्याच्या अनुक्रमांकासह पोच घ्यावी. परत केलेल्या उपकरणाचीही किंमत शेवटच्या बिलात लागल्याचे मी ऐकले आहे.

माझ्या बाबतीत, लेखी पाठपुराव्यानंतर राउटरचे भाडे आणि सुरक्षेच्या पॅकेजची रक्कम परत मिळाली. मुदतीबद्दल मात्र ‘नूतनीकरण ग्राहकाच्या ध्वनिमुद्रित संमतीने झाले आहे’ एवढेच उत्तर आहे. संपूर्ण ध्वनिमुद्रण मागणारा माझा अर्ज कंपनीच्या वरिष्ठ तक्रार अधिकाऱ्याकडे अजून प्रलंबित आहे.