मॉन्स्टर ७९५: जुनी घ्यावी का, आणि घेतलीच तर पुण्यात कशी सांभाळावी

२०१२च्या ऑटो एक्स्पोमध्ये डुकाटी या इटालियन कंपनीने मॉन्स्टर ७९५ ही मोटरसायकल आणली तेव्हा दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत ५.९९ लाख होती. थायलंडच्या कारखान्यात जुळवलेली, मॉन्स्टरच्याच ६९६ मॉडेलची चेसिस आणि ७९६चं ८०३ सीसी इंजिन अशी खास आशियासाठी केलेली ही गाडी. पुण्यात सेकंडहँड इटालियन शोधायला निघालं की सगळ्यात आधी बहुधा हीच समोर येते. गाडी चांगलीच आहे. फक्त तिची खरी किंमत जाहिरातीतल्या आकड्यावरून कळत नाही, पहिल्या मोठ्या सर्व्हिसच्या बिलावरून कळते.

चालवायला कशी? एअरकूल्ड एल-ट्विन (एक सिलिंडर आडवा, एक उभा), ८७ हॉर्सपॉवर, पेट्रोल-ऑइल सोडून वजन १६७ किलो. सीट ७७० मिमी, म्हणजे बेताच्या उंचीच्या माणसाचेही पाय नीट टेकतात. चार हजार आरपीएमच्या वर ताम्हिणीत किंवा पानशेत रस्त्यावर ही गाडी जे देते, ते आजच्या गुळगुळीत पॅरलल ट्विनमध्ये (शेजारी-शेजारी दोन सिलिंडरच्या इंजिनात) मिळत नाही. तीन हजारांच्या खाली मात्र हिसके देते. विद्यापीठ चौकात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटताना मागचा सिलिंडर मांडी भाजतो आणि क्लचचा हात भरून येतो. पुढचं १५ दातांचं स्प्रॉकेट काढून १४चं टाकलं की शहरातला हा त्रास बराच कमी होतो. मोबदल्यात एक्स्प्रेसवेला समांतर जाणाऱ्या जुन्या हायवेवर इंजिन जरा जास्त फिरतं. सौदा फायद्याचा आहे. ड्राय क्लचच्या खडखडाटासाठी घेणार असाल तर नाद सोडा, हिचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला आहे.

आता मुख्य विषय: कॅमशाफ्ट फिरवणारे रबरी टायमिंग बेल्ट आणि डेस्मो, म्हणजे डुकाटीची व्हॉल्व्ह उघडबंद करण्याची पद्धत. या इंजिनात व्हॉल्व्ह उघडायला एक रॉकर आणि बंद करायला दुसरा. बंद करायचं काम स्प्रिंगवर सोडलेलं नाही. चार व्हॉल्व्ह, प्रत्येकाला दोन शिम (गॅप जुळवायचे छोटे तुकडे), म्हणजे एकूण आठ गॅप मोजायचे. उघडण्याच्या बाजूला साधारण ०.१० ते ०.१५ मिमी, बंद होण्याच्या बाजूला ०.०५च्या आत. उघडण्याच्या बाजूचा गॅप शून्यावर गेला तर व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही आणि कड जळायला लागते. बंद बाजूचा गॅप वाढला तर थंड इंजिन उठायला कुरकुर करतं आणि आयडल डळमळतो. तपासणी दर १२,००० किमीला, बेल्ट दर २४,००० किमीला.

पण पुण्यातल्या बहुतेक मॉन्स्टर रविवारी सकाळी लोणावळ्यापर्यंत जाऊन येतात आणि उरलेला आठवडा कव्हरखाली असतात. त्यामुळे ‘फक्त ९,००० किमी चालली आहे’ हे वाक्य कौतुकाचं नसून चिंतेचं आहे. रबराचे बेल्ट किलोमीटर मोजत नाहीत, वर्षं मोजतात. पाच वर्षं म्हणजे डोक्यावरून पाणी. बेल्ट कधी बदलले याची पावती नसेल तर ते बदललेलेच नाहीत असं धरून चाला आणि तो खर्च किमतीतून वजा करायला लावा. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड उघडावंच लागतं.

बेल्टचं काम स्वतः करता येतं, पण घाईने नाही. इंजिन थंड हवं, रात्रभर उभं असलेलं. दोन्ही प्लग काढा, आडवा सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन हेडकडच्या टोकाला) आणा, पुलींच्या खुणा जुळल्याची खात्री करून पांढऱ्या पेंटने आपलीही एकेक खूण करा. बेल्ट उतरल्यावर इंजिन अजिबात फिरवायचं नाही. टेन्शनरची बेअरिंग हाताने फिरवून बघा; खरखर जाणवली तर तीही बदला, पुन्हा तेवढ्यासाठी कोण उघडणार? ताण मोजायला फोनवरचं फ्रिक्वेन्सी ॲप पुरतं: बेल्टला टिचकी मारायची, माइक जवळ धरायचा, हर्ट्झ वाचायचे. नेमका आकडा त्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या, कारण बेल्टचा प्रकार बदलला की आकडाही बदलतो. अंगठ्याने दाबून ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्या मेकॅनिककडे गाडी ठेवू नका. बहुतेकदा बेल्ट जास्त आवळले जातात, आणि मग टेन्शनरची बेअरिंग ओरडायला लागते.

दुसरी दुखरी जागा म्हणजे टाकी. वरून दिसते ती नुसती झाकणं. खरी टाकी आत आहे आणि ती प्लॅस्टिकची आहे. इथेनॉल आणि त्याने ओढलेलं पाणी शोषून हे प्लॅस्टिक फुगतं. आता पंपावर सरसकट ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, म्हणजे जपायलाच हवं. घेताना हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून बघा, कुठे घासतंय का. झाकणांच्या फटी दोन्हीकडे सारख्या आहेत का ते पाहा. मग टाकी उचलून परत बसवा. पुढचा रबर माउंट जागेवर बसायला जोर लागत असेल तर टाकी वाढलेली आहे. पंप आणि झाकण काढून ती काही आठवडे रिकामी सुकवली तर थोडी आकसते, पूर्ववत होईलच असं नाही. शिवाय पंपाची मोठी ओ-रिंग एकदा बाहेर काढली की फुगून परत खाचेत बसत नाही, म्हणून नवी हाताशी ठेवूनच उघडा. पेट्रोल पाइपचे प्लॅस्टिक क्विक-कनेक्टर ठिसूळ होऊन तुटतात, आणि खाली गरम सिलिंडर असतो. तिथे धातूचे कनेक्टर टाकणं ही चैन नाही. इंडियन ऑइलच्या एक्सपी१०० मध्ये इथेनॉल नसतं. इंजिनाला १०० ऑक्टेनची गरज नाही, पण पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर शेवटची टाकी त्याची असू द्या.

इलेक्ट्रिकलबद्दल ‘इटालियन वायरिंग’ म्हणून नाकं मुरडली जातात, पण दोष ठरलेल्या ठिकाणीच येतात. बॅटरी वायटी१२बी-बीएस. ती थोडी जरी मलूल झाली तरी स्टार्टर अडखळतो, इंजिन उलटा झटका देतं आणि तो मार स्प्रॅग क्लच (स्टार्टरचा जोर एकाच दिशेने इंजिनाला देणारा भाग) खातो. स्प्रॅग बदलायला अल्टरनेटरचं कव्हर आणि फ्लायव्हील काढावं लागतं. म्हणजे चार्जरचे पैसे वाचवून मोठं काम ओढवून घेणं. गाडी आठवड्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर मेंटेनन्स चार्जर लावून ठेवा. इंजिन साडेतीन-चार हजारांवर धरून बॅटरीवर व्होल्टेज मोजा: १३.८ ते १४.५ हवं. कमी आलं तर रेग्युलेटर बदलण्याआधी अल्टरनेटरच्या तीन पिवळ्या वायरींचा कनेक्टर उघडा. तो तपकिरी, वितळलेला निघाला तर दुखणं तिथेच आहे. आणि पावसानंतर गिअर टाकताच गाडी बंद पडत असेल तर ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) दोष देऊ नका, आधी साइड स्टँडचा स्विच साफ करा.

पार्टचं गणित सोपं आहे. चेन, बेअरिंग, मापाचे ऑइल सील, प्लग, डॉट ४ ब्रेक ऑइल हे सगळं नाना पेठेत मिळतं. जुना नग खिशात घेऊन जा, नुसतं नाव सांगून काम होत नाही. ऑइल १५डब्ल्यू-५०, साधारण तीन लिटर. बेल्ट, शिम, क्लच स्लेव्ह सिलिंडरची सील हे मात्र शोरूममधून किंवा बाहेरून मागवायचं, आणि वाट बघायची. (ब्रेम्बोचा कारखाना चाकणला आहे, तरी या गाडीचे पॅड बाहेरून यावेत यासारखी गंमत नाही.) म्हणून पुण्यातले जुने डुकाटीवाले एकत्र ऑर्डर टाकतात, शिपिंग आणि ड्यूटी विभागली जाते आणि शिमचा एक संच सगळ्यांत फिरतो. गाडी घेण्याआधी अशा एखाद्या गटाशी ओळख काढा. कोणती गाडी कोणाकडून आली हे तिथे तोंडपाठ असतं.

घेताना दोन्ही चाव्या आणि कोड कार्ड मागा. चावीतला कोड ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर आहे, एकच चावी असेल तर भाव पाडा. मुंबईहून आलेली असेल तर एक्झॉस्टचे स्टड आणि फ्रेमचे जोड गंजासाठी बघा, पुण्यातली गाडी त्या मानाने कोरडी असते. आरसी वाचा. २०१२च्या गाड्यांची १५ वर्षं २०२७मध्ये भरतात. मग आरटीओत फिटनेस, पुनर्नोंदणी आणि ग्रीन टॅक्स. मोठ्या आवाजाचे एक्झॉस्ट तिथे अडकतात, म्हणून विकणाऱ्याच्या माळ्यावर पडलेले मूळ सायलेन्सर व्यवहारातच मागून घ्या.