ग्वाल्हेरच्या थंडीत ऑफिस गरम ठेवायचंय : हीटर घ्यावा, एसी घ्यावा, की आधी फटी बुजवाव्या?

ग्वाल्हेरात डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली जातो. धुकं पडलं की दुपारपर्यंत ऊन दिसत नाही. मग प्रत्येक टेबलाखाली एक हीटर ठेवायची टूम निघते. त्या खरेदीला निघण्याआधी आपलं ऑफिस कशा इमारतीत आहे ते बघा. लष्कर या जुन्या भागातल्या दगडी वाड्याला लागू पडणारा उपाय सिटी सेंटर या नव्या भागातल्या काचेच्या इमारतीत वाया जातो, आणि उलटंही तेच.

वाड्याची भिंत जाड, म्हणून आत ऊब राहणार, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. पण दगडातून उष्णता सहज वाहते. दीड फुटी वालुकाश्माच्या भिंतीतून जवळपास नऊ इंची विटांच्या भिंतीइतकीच उष्णता बाहेर जाते, थोडी जास्तच. दगडाचा खरा गुण उष्णता साठवण्याचा. मे महिन्यात त्यामुळेच वाडा दुपारपर्यंत थंड राहतो. जानेवारीत मात्र रविवारभर बंद राहिलेली भिंत सोमवारी सकाळी खोलीतली ऊब शोषत बसते. अशा भिंतीच्या एका चौरस मीटरमध्ये जवळपास एक टन दगड असतो! वर छत चौदा फुटांवर, आणि गरम हवा तिकडेच जाऊन बसते. इथे अख्खी खोली तापवायच्या नादी लागू नका, माणसं तापवा. लाल तापणाऱ्या रॉडचा किंवा हॅलोजनचा हीटर समोरच्या माणसाला थेट उष्णता देतो, हवा गरम व्हायची वाट पाहावी लागत नाही. उंच दरवाजांना जाड पडदे आणि फटींना रबरी पट्ट्या लावा. फॉल्स सीलिंग आणि त्यावर ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, टाकलं तर फार फरक पडतो. पण छत कोरीव सागवानी असेल तर कृपा करून ते झाकू नका. असं काम आता पुन्हा होणे नाही.

नव्या इमारतीत हिशेब वेगळा. आत-बाहेर पंधरा अंशांचा फरक असेल तर दहा चौरस मीटर एकेरी काचेतून साधारण ८५० वॉट सतत बाहेर जातात. मध्ये हवेची पोकळी असलेली दुहेरी काच लावली की हा आकडा जवळपास निम्मा होतो. दक्षिणेची काच मात्र दिवसा उघडी ठेवा. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ४० अंश वर असतो, त्यामुळे छज्जाखालून ऊन थेट आत येतं. जूनमध्ये तोच छज्जा ऊन अडवतो.

सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल तर पैसा आधी गच्चीवर घाला. नुसत्या काँक्रीटच्या स्लॅबवर ५० मिलिमीटर जाडीचा एक्सपीएस फोमचा (थर्मोकोलच्या जातीचा, पण जास्त कडक) थर दिला, तर छतातून जाणारी उष्णता पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येते. गच्चीला पांढरा चुना लावण्याचा उपयोग उन्हाळ्यापुरता. फोम दोन्ही ऋतूंत कामाला येतो, आणि ४५ अंशांच्या या गावात तेच महत्त्वाचं.

आता यंत्रं. रॉडचा, ब्लोअरचा, तेलाचा, कुठलाही विजेचा हीटर घ्या, विजेच्या एका युनिटातून एका युनिटाचीच उष्णता मिळते. तेलाचा हीटर महाग असतो. बंद केल्यावरही तो थोडा वेळ गरम राहतो आणि त्याला उघडा तापलेला रॉड नसतो, एवढंच त्याचं जास्तीचं. गरम-थंड एसी उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उचलून आत आणतो. म्हणून एका युनिटात साधारण तीन युनिटांचं काम होतं. एखाद्या हॉलला दिवसाचे आठ तास तीन किलोवॉट लागत असतील, तर हीटरने रोज २४ युनिटं जातील, एसीने आठच्या आसपास. धुक्याच्या गारठ्यात एसीच्या बाहेर बसवलेल्या पेटीवर बर्फ धरतो. तो वितळवायला एसी मधूनमधून थांबतो, आणि ऐन थंडीत त्याची ताकदही थोडी कमी होते. त्यामुळे मापात जरा सैल घ्या. घेताना तो गरम हवाही देतो ना, हे विचारून घ्या. बाजारातले बरेच एसी फक्त थंड करतात. झडपा खाली वळवून ठेवा, नाहीतर ऊब डोक्यावरच राहील.

तेव्हा फटी बुजवलेल्या नव्या ऑफिसात मी डोळे मिटून एसी घेईन. वाड्यात घेणार नाही; फार तर पार्टिशन घातलेल्या लहान केबिनपुरता.

दोन हजार वॉटचा हीटर जवळपास नऊ अँपिअर खेचतो. तो सहा अँपिअरच्या सॉकेटला किंवा एक्स्टेन्शन बोर्डाला लावू नका. जुन्या वाड्यातली वायरिंग आधी तपासून घ्या. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नको, कार्बन मोनॉक्साइडने झोपेत जीव जातो. रात्री राखण करणाऱ्या चौकीदारालाही हे आवर्जून सांगा, त्याच्या खोलीत एक सुरक्षित हीटर द्या. फटी बुजवतानाही ताजी हवा यायला एक झडप ठेवाच.

जागा भाड्याची असेल तर पट्ट्या, पडदे आणि एसी यांवरच खर्च करा. जागा सोडताना पडदे आणि एसी तरी बरोबर नेता येतात. गच्चीचा फोम आणि दुहेरी काच यांचा खर्च घरमालकाशी बोलून भाड्यात वळता करून घ्या.