उधई दाखवली ओसरीत, निघाली घरामागे

आमचं घर दारव्हा तालुक्यात. ओसरी आजोबांच्या वेळची, मातीच्या भिंती आणि सागवानी तुळई. मागच्या दोन खोल्या सिमेंटच्या. एप्रिलमध्ये भर दुपारी दोघं जण मोटरसायकलवर आले. गळ्यात ओळखपत्र, पाठीला पंप. "काकाजी, उधईची तपासणी फुकट करून देतो." उधई म्हणजे वाळवी. घरी आई-बाबा दोघंच. मी पुसदला नोकरीवर.

एक जण शिडीवर चढला, तुळईवर पेचकस आपटला आणि उतरला तेव्हा त्याच्या तळहातावर पाच-सहा पांढरे किडे वळवळत होते. "हे पाहा. लाकूड आतून पोकळ झालं. पावसाळ्यात छत अंगावर येईल." आजोबांनी निवडून आणलेल्या सागवानाबद्दल कोणी असं बोललं की जीव थाऱ्यावर राहत नाही. 18,000 सांगितले, 14,000 वर आले. दहा वर्षांची गॅरंटी. पैसे रोख, कारण बिल घेतलं तर म्हणे जीएसटी लागेल.

पाऊण तासात काम उरकलं. दुधासारखं पांढरं पाणी भिंतीच्या कडेनं आणि तुळईवर मारलं, घरभर रॉकेलचा वास. त्या वासानंच बाबांची खात्री पटली. संध्याकाळी फोनवर म्हणाले, "औषध जहाल आहे रे, डोकं दुखून राहिलं." मी "बरं केलं" म्हणालो. डब्यावर काय लिहिलं होतं, हे मी विचारायला हवं होतं. 2017 मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले, आणि तरीही आमच्या स्वयंपाकघरात बिनलेबलचं पाणी मारून गेले.

जूनच्या दुसऱ्या पावसानंतर मागच्या खोलीत, दारं-खिडक्या बंद असताना, दिव्याभोवती पंखवाल्या उधईचा थवा उठला. सकाळी खिडकीत नुसते पंख, सगळे एका लांबीचे. बंद खोलीत निघाली म्हणजे वस्ती घरातच. मग भिंतीतलं लाकडी कपाट उघडलं. कागदांचा गठ्ठा वरून जसाच्या तसा. उचलला तर वरचा एकच कागद हातात आला. खालचे मातीनं एकमेकांना चिकटलेले, मधोमध अंगठा जाईल एवढं भोक. आजोबांच्या खरेदीखताची फक्त किनार उरली होती. सातबारा पुन्हा काढता येतो, बहिणीच्या मार्कशीटही हेलपाटे घालून मिळतील. आजोबांची सही गेली ती गेलीच.

गावातले सुतारकाका आले. त्यांनी आधी तुळई खरवडली. आत टणक सागवान, एक भोक नाही. ते किडे त्या माणसानं सोबत आणले होते, याबद्दल मला आता शंका नाही. मग काका घरामागे गेले आणि भिंतीला टेकवून रचलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, बाजूला करायला लावल्या. मागे जमिनीपासून खिडकीच्या चौकटीपर्यंत पेन्सिलीएवढ्या जाड मातीच्या नळ्या. उधईला ओलावा लागतो, कोरड्या उघड्या हवेत ती टिकत नाही, म्हणून जमिनीतून लाकडापर्यंत झाकलेली वाट बांधत येते. काकांनी एक नळी दोन बोटं तोडून ठेवली. तिसऱ्या दिवशी तेवढी जागा ताज्या ओल्या मातीनं बुजलेली होती. म्हणजे वस्ती जिवंत आहे. फुकट तपासणी करणारे तर घराच्या मागे फिरकलेच नव्हते.

गॅरंटी कार्डावरचा नंबर बंद. पोलिसांनी अर्ज घेतला, पण दाखवायला आमच्याकडे बिल नाही, गाडीचा नंबर नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, पण तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच येणार.

शेवटी यवतमाळहून परवानाधारक माणूस बोलावला. त्यानं परवाना न मागता दाखवला, इमिडाक्लोप्रिड या उधईवरच्या औषधाची सीलबंद बाटली माझ्यासमोर फोडली आणि मापानं पाण्यात मिसळली. भिंत आणि फरशीच्या सांध्यावर फूट-फूट अंतरावर 12 मिलिमीटरची छिद्रं पाडून प्रत्येकात लिटरभर द्रावण सोडलं, वरून सिमेंटनं बुजवलं. पूर्ण दिवस गेला. वरवर पंप मारून जमिनीतली उधई जात नाही, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

आता दर महिन्याला बाबा टॉर्च घेऊन घराभोवती फिरतात. जोत्याची कड, न्हाणीची भिंत, चौकटींचे पाय, कपाटाची पाठ. चौकटीवर पेचकसाची मूठ ठोकतात. पोकळ आवाज लगेच कळतो. पऱ्हाट्या भिंतीपासून लांब, दगडांवर रचल्या आहेत. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाहतात.

गेल्या आठवड्यात दिग्रसकडून मावसभावाचा फोन आला. दारात दोघं जण आलेत, म्हणे उधईची तपासणी फुकट करतात. मी म्हटलं, त्यांच्या गाडीचा फोटो काढ, आणि शिडीवर त्यांना नको चढू देऊ, तू चढ.