कॉपी-प्रोटेक्शन नसलेले गेम कुठून घ्यावेत: आठ महिन्यांच्या वापरानंतर

विकत घेतलेल्या गेमचा सेटअप आपल्या डिस्कवर राहावा आणि इंटरनेट नसतानाही चालावा, या एकाच अटीवर गॉग, इच डॉट आयओ आणि हम्बल ही गेम विकणारी तीन ऑनलाइन दुकाने आठ महिने वापरली. इंदूरमधली घरगुती फायबर लाइन, विंडोज 11 आणि साधा पीसी. सगळ्यात जास्त खरेदी गॉगवर झाली, म्हणून लिहिणेही त्याबद्दलच जास्त.

गॉग 2008 मध्ये पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने सुरू केले, तेही जुने गेम विकायलाच. त्याची गरज का, हे घरातली एखादी जुनी अस्सल सीडी लावून पाहिली की कळते. त्या काळातल्या बऱ्याच सीड्यांवर सेफडिस्क हे कुलूप (म्हणजे कॉपी-प्रोटेक्शन) असे आणि त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोज 10 पासून काढून टाकला आहे. त्यामुळे पैसे मोजून घेतलेली सीडी चालत नाही. कुलूप तोडलेली कॉपी मात्र बिनदिक्कत चालते!

आता डाउनलोड. गॉगच्या लायब्ररीत गेम उघडल्यावर समोर येणारे मोठे बटण गॅलेक्सी हा लाँचर, म्हणजे गेम उतरवणारे आणि चालू करणारे गॉगचे ॲप, गळ्यात मारते. उतरलेली फाइल जेमतेम काही एमबीची असेल तर तो गेम नव्हे. थोडे खाली ‘ऑफलाइन बॅकअप गेम इन्स्टॉलर्स’ असे लिहिलेले असते, तिथून घ्यायचे. मोठ्या गेमची एक सेटअप एक्सई आणि सुमारे 4 जीबीपर्यंतच्या कितीतरी बिन फाइल्स येतात. त्या सगळ्या एकाच फोल्डरमध्ये, नावे न बदलता ठेवा. ब्राउझरने नावापुढे कंसात 1 लावला तरी सेटअप मध्येच थांबून पुढची डिस्क मागतो. ‘फाइल करप्ट’ असे आले तर सगळे पुन्हा उतरवू नका. सारख्या आकाराच्या तुकड्यांत एखादा लहान दिसला, आणि तो शेवटचा नसेल, तर तेवढाच पुन्हा घ्या. 100 एमबीपीएसवर 50 जीबीला हिशेबाने 67 मिनिटे लागतात, प्रत्यक्षात जास्तच. मोबाइलच्या रोज 2 जीबीच्या पॅकवर हेच काम 25 दिवसांचे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

डाउनलोड झाले की लगेच वायफाय बंद करून इन्स्टॉल करा आणि पहिली लेव्हल खेळून सेव्ह करून पाहा. गॉगवर खरेदीपासून 30 दिवसांत पैसे परत मागता येतात, गेम उतरवून खेळला असला तरी. सेलमध्ये दहा गेम घेऊन ठेवणाऱ्यांची ही मुदत न तपासताच निघून जाते. ऑनलाइन मल्टिप्लेअरला पुष्कळदा गॅलेक्सी लागतेच आणि क्लाउड सेव्हही त्याशिवाय मिळत नाही. ऑफलाइन सेटअप साइटवर सहसा नव्या आवृत्तीचाच असतो. मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल) वापरत असाल तर जुना सेटअप पुसू नका.

डॉसच्या काळातले गेम डॉसबॉक्ससकट (आजच्या पीसीवर डॉसचे गेम चालवणारा प्रोग्राम) येतात. त्यांचे सेव्ह बऱ्याचदा गेमच्याच फोल्डरमध्ये असतात, म्हणून अनइन्स्टॉल करण्याआधी तो फोल्डर बाजूला कॉपी करा.

साठवायला इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून कुठलीही बाहेरची हार्ड डिस्क आणा, पण फॉरमॅट एनटीएफएस ठेवा. फॅट32 वर 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही. गॉगचे तुकडे तिथे खपून जातात, इचवरची एकच मोठी झिप अडते. एक्सफॅटवर बसते, पण कॉपी चालू असताना लाइट गेली तर तो एनटीएफएसपेक्षा लवकर बिघडतो.

पैसे भरताना किंमत डॉलरमध्ये दिसते. बँकेचा परकीय चलन मार्कअप 3.5 टक्के असेल तर त्यावर 18 टक्के जीएसटी धरून सुमारे 4.13 टक्के वर जातात. पेमेंट नाकारले गेले तर आधी बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार’ चालू आहे का ते पाहा. 2020 च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानंतर नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असते. परदेशी दुकान ओटीपी मागेलच असे नाही, म्हणून मर्यादा खरेदीपुरतीच ठेवा आणि नंतर बंद करा.

इचवर छोट्या निर्मात्यांचे गेम सरळ झिपमध्ये मिळतात. विक्रीतला किती वाटा साइटला द्यायचा हेही निर्माताच ठरवतो. काही गेमची किंमत तर आपण ठरवायची. अपडेट मात्र स्वतः लक्ष ठेवून घ्यावे लागतात, किंवा इचचे ॲप बसवावे. हम्बलबद्दल जुन्या आठवणींवर जाऊ नका. 2010 मधले पहिले बंडल (एकत्र विकलेले अनेक गेम) कुलूप नसलेले होते, आता बहुतेक वेळा हातात स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाची की, म्हणजे गेम तिथे मिळवायचा कोड, पडते. पैसे देण्याआधी गेमच्या पानावर ‘डीआरएम-फ्री’, म्हणजे कुलूप नसलेला, असे लिहिले आहे का ते वाचा.

स्टीमवरही काही गेमना कुलूप नसते, कारण ते लावायचे की नाही हे प्रकाशक ठरवतो. तपासायचे तर गेमचा फोल्डर स्टीम नसलेल्या दुसऱ्या पीसीवर कॉपी करा, नेट काढा आणि एक्सई थेट चालवा. उघडला तर तो फोल्डर झिप करून ठेवा, वेगळा सेटअप तिथे मिळत नाही.