उजवा गुडघा बदलल्यानंतरचे नऊ महिने

वयाच्या ६७व्या वर्षी माझ्या उजव्या गुडघ्याचे पूर्ण सांधेरोपण झाले, त्याला आता नऊ महिने झाले. त्याआधी आतल्या बाजूची कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत अस्तर) पार झिजून पायाला बाक आला होता आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जातानाही दोनदा थांबावे लागत असे.

‘गुडघा बदलणे’ म्हणजे अख्खा सांधा काढून टाकणे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोके काही मिलिमीटर तासून त्यांवर धातूचे भाग बसवतात आणि मध्ये पॉलिएथिलीन या टिकाऊ प्लास्टिकची चकती ठेवतात. मणक्यात भूल दिल्यामुळे शस्त्रक्रिया कळलीही नाही आणि दुसऱ्या दिवशी मला वॉकर धरून उभे केले. खर्चाबाबत एकच सांगते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली (कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी ती तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी होती), पण खोली, भूल आणि शल्यविशारदांचे शुल्क त्या मर्यादेत येत नाही. म्हणून अंदाजपत्रक मागताना एकूण आकडाच विचारावा.

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. सगळे जण ‘किती वाकतो?’ एवढेच विचारत, मीही तेच मोजत बसले होते. गुडघा पूर्ण सरळ होणे तितकेच, किंबहुना चालण्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे, हे रुग्णालयातून निघताना कोणीही ठासून सांगितले नव्हते. सूनबाई मायेने गुडघ्याखाली उशी ठेवत असे आणि मला त्याने बरेही वाटे. चौथ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आल्या, त्यांनी ती उशी काढून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि गुडघा अधांतरी ताणून धरायला लावला. त्या दहा मिनिटांत माझ्या डोळ्यांत पाणी यायचे. सहाव्या आठवड्यात पाय सरळ झाला, वाकणे १०५ अंशांपर्यंत पोचले. आज ते ११८ आहे. पहिला दीड महिना रात्री मात्र फार वाईट गेल्या: दिवसा सोसवणारी ठणक दोनच्या सुमारास झोपू देत नसे, आणि बर्फाची पिशवी हाच त्यातल्या त्यात आधार होता.

आता मी रोज तीन किलोमीटर चालते, जिनाही कठड्याला फक्त हात लावून चढते. मांडी घालून बसणे मात्र सोडून दिले आहे. देवपूजा स्टुलावर बसून होते आणि पंगतीत मला खुर्ची लागते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे, पाचव्या महिन्यापर्यंत गुडघा हाताला कोमट लागत होता आणि चालताना अधूनमधून ‘टक’ असा आवाज येतो. दुखत नसेल तर त्या आवाजाची काळजी नको, असे डॉक्टर म्हणाले.

डावा गुडघाही आता कुरकुरू लागला आहे. त्याची तारीख ठरलेली नाही, पण मांडीच्या स्नायूंचे व्यायाम मी या वेळी आधीपासूनच सुरू केले आहेत.