डॅन्यूबच्या जहाजातून प्रागला, ५,१८,१७५ रुपये फक्त

रक्कम आधीच सांगतो, म्हणजे वाचताना 'असेल काहीतरी किरकोळ' असं कुणाला वाटायला नको. ५१,००० अधिक २,००,००० अधिक २,६७,१७५. एकूण ५,१८,१७५. हे फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे होते. मी निवृत्त शिक्षक आहे. विषय कोणता शिकवायचो ते सांगायची लाज वाटते, पण त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. भूगोल. ३१ वर्षं.

सुरुवात नेहमीचीच. प्रदर्शनात कूपन भरलं, आठ दिवसांनी फोन आला, 'अभिनंदन सर, डिनर सेट लागलाय, न्यायला जोडीनं या.' जोडीनं का बोलावतात ते सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. सेट घ्यायचा आणि बाहेर पडायचं, असं ठरवूनच गेलो होतो. (सेटही मिळाला नाही. सहा काचेच्या वाट्या दिल्या, त्यातली एक तडकलेली.) १४ जानेवारी २०२४, रविवार, संक्रांतीचा आदला दिवस. हॉटेलचा हॉल, पंधरा-सोळा जोडपी, पडद्यावर पांढरं शुभ्र जहाज.

युरोपातल्या डॅन्यूब नदीतली आठ रात्रींची सफर. पासाऊ, मेल्क, व्हिएन्ना, ब्राटिस्लावा, बुडापेस्ट. दोघांचे ४,७०,०००, वर कर. आता मला कुणी मूर्ख म्हणण्याआधी एवढं ऐका. पासाऊला डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या एकत्र येतात. वर्गात हे सांगितलं की लगेच मी आमच्या कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या संगमाचं उदाहरण द्यायचो. एकाच नदीवर व्हिएन्ना, ब्राटिस्लावा, बुडापेस्ट, बेलग्रेड अशा चार राजधान्या, हा तर माझा हक्काचा प्रश्न असायचा. ३१ वर्षं नकाशावर पट्टी फिरवली, पाऊल कधी पडलं नाही. लग्नाला चाळीस वर्षं होत होती. हिनं आयुष्यात बोट पाहिली ती रंकाळ्यातली. मोह झाला. होणारच होता.

आणि आता ते, जे आठवलं की अजून रात्री दोनला उठून बसतो.

माहितीपत्रकात सातव्या दिवशी लिहिलं होतं, 'जहाज प्राग बंदरात. रात्री डेकवरून राजवाड्याचं दर्शन.' मी ते वाचलं. मला ते खटकलं. नजरेतून सुटलं असतं तर आज एवढा जाळ झाला नसता. प्राग डॅन्यूबवर नाहीच. ते वल्तावा नदीवर आहे. वल्तावा उत्तरेला जाऊन एल्बला मिळते आणि ते पाणी उत्तर समुद्रात जातं. डॅन्यूब जाते काळ्या समुद्राला. नृसिंहवाडीला नावेत बसा, रत्नागिरीला उतरवतो, असं कुणी म्हणावं तसला हा प्रकार. खऱ्या सहलींतही प्राग असतं, पण तिथं बसनं नेतात.

मी हात वर केला. उभा राहून विचारलं, "डॅन्यूबमधून जहाज प्रागला कसं जाणार?" सफरीची माहिती सांगणारं पोरगं क्षणभर गडबडलं. मी ते पाहिलं. मग म्हणालं, "सर, कालव्यातून जातंय ते."

इथं गप्प बसायचं की नाही? पण मला माहीत होतं ना सगळं! मीच म्हणालो, "हां, म्हणजे राइन-माइन-डॅन्यूब कालवा. १७१ किलोमीटर. १९९२ मध्ये खुला झाला." तो म्हणाला, "करेक्ट सर! सर, तुम्ही तर आमच्याच टीममध्ये पाहिजे होता." हॉलमध्ये टाळ्या पडल्या. तो कालवा केलहाइमपासून बाम्बर्गपर्यंत जातो आणि प्रागच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही, हेही मला माहीत होतं. पण टाळ्या वाजत असताना कुठलं आठवतंय? त्याची थाप लंगडी होती, तिला कुबडी मी दिली. तिथंच ५१,००० चा चेक फाडला.

शेजारी गडहिंग्लजचं एक जोडपं होतं, एसटीतून निवृत्त झालेले. त्यांनी मला हळूच विचारलं, "गुरुजी, बरोबर सांगतोय का हा?" मी म्हणालो, "अगदी बरोबर."

१८ मार्चला २,००,००० आरटीजीएस केले. खातं कुठल्याशा 'ट्रेडर्स'च्या नावावर. जहाजाचे पैसे ट्रेडर्सच्या खात्यात कशाला, हे बँकेतल्या मुलीनंही विचारलं होतं. 'ग्रुप कंपनी आहे' असं मीच तिला समजावलं. १२ जुलैला उरलेले २,६७,१७५ भरले. त्यात २३,५०० जीएसटी आणि २४,६७५ टीसीएस, म्हणजे सहल विकणाऱ्यानं आपल्याकडून घेऊन आपल्या नावावर सरकारात भरायचा आयकर. हिशेब पैशापर्यंत चोख, म्हणून तर विश्वास बसला. कर कापणारा माणूस चोर असेल असं आपल्याला वाटत नाही. पावतीवरचा जीएसटी नंबर मी नंतर मोजला. चौदा अक्षरं. पंधरा लागतात. तुमच्याकडे अशी पावती असेल तर आत्ता मोजा, आणि सरकारच्या जीएसटी पोर्टलवर तो नंबर टाकून नाव कुणाचं येतं ते बघा. फुकट आहे.

व्हिसाचंही तसंच. पासपोर्ट आमच्याकडं द्या, बाकी आम्ही बघतो. हिनं विचारलं होतं, "अहो, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं म्हणतात. वरच्या मजल्यावरची पोरगी मुंबईला जाऊन आली की." मी तिला गप्प केलं. ग्रुप व्हिसा असतो, तुला काय कळतंय, म्हटलं. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा पहिल्यांदा काढताना ठसे द्यायला स्वतः जावंच लागतं. कुणी 'तुम्ही यायची गरज नाही' म्हणालं, की समजा अर्ज गेलेलाच नाही. मला तोंडावर हे सांगितलं ते बायकोनं, म्हणून ऐकलं नाही. तिनं महाद्वार रोडवरून दोन स्वेटर आणि दोन कानटोप्या आणल्या, २,३४० रुपयांच्या. त्या अजून पिशवीतच आहेत.

निघायचं होतं १९ सप्टेंबरला. १६ तारखेला फोन. "सर, टीव्ही लावा. डॅन्यूबला महापूर आलाय, जहाजं बंद."

टीव्ही लावला तर खरंच पूर! ऑस्ट्रियात, चेक प्रजासत्ताकात पाणीच पाणी, डॅन्यूबवरची वाहतूक थांबलेली. पुराचं नाव काढलं की कोल्हापूरचा माणूस पुढं प्रश्न विचारत नाही. २०१९ ला आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीला पाणी होतं. पंचगंगा ४३ फुटांवर गेली की इकडं कुणी कुणाला 'कार्यक्रम का रद्द केला' असं विचारत नाही. उलट मीच त्याला म्हणालो, "काळजी घ्या, तुमची माणसं सुखरूप आहेत ना?" निघायला तीन दिवस उरले असताना आमच्या हातात व्हिसा नव्हता, हे त्या गडबडीत डोक्यातच आलं नाही. खोट्या सहलीला खरा पूर मिळाला. त्या चोराला आयता सव्वा महिना मिळाला.

२५ ऑक्टोबरला पासपोर्ट कुरिअरनं परत आले. कोरे. वसुबारसेपासून फोन बंद. ऑफिसला गेलो तर शटर खाली. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "नवरात्रानंतर गेलं की ते. तुम्ही आजचे तिसरे." परदेशातल्या जहाज कंपनीला ईमेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, या नावांचं बुकिंग कधीच नव्हतं. हा ईमेल जानेवारीत करायचा होता. त्याला एक रुपया लागत नाही.

आता पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी सांगितलं, "काका, हे दिवाणी आहे. सहल पुढं ढकलली म्हणतोय तो, नाही म्हणाला नाही." हॉटेल दुसऱ्या हद्दीत येतं, तिकडं जा. तिकडं गेलो तर म्हणाले, पैसे तुमच्या बँकेतून गेले, ती पहिल्या हद्दीत. मोठ्या रकमांचे गुन्हे बघणाऱ्या शाखेत गेलो, तिथं माझी रक्कम लहान निघाली! पाच लाख लहान. मग कायद्याचा घोळ. चारशेवीस गेलं, १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला नवीन न्याय संहितेतलं कलम ३१८ आलं. माझे दोन हप्ते जुलैच्या आधीचे, एक नंतरचा. "मग कुठलं लावायचं सांगा," असं मलाच विचारलं. मी म्हटलं, दोन्ही लावा. त्यावर हसले. अर्ज लिहून घेताना शिपायानं तीनदा विचारलं, "नदीचं नाव लागतंयच का?" आणि शेवटी 'डानुब' लिहिलं. मी ते दुरुस्त करायला लावलं नाही. दीड महिना, अकरा फेऱ्या, हातात फक्त तक्रार अर्जाची पोच. 'गुरुजी असून फसलात?' हे मात्र प्रत्येक टेबलावर ऐकलं.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला होता. त्यांचा दोष नाही. तो नंबर पैसे गेल्या गेल्या, तासाभरात लावायचा असतो. मी पावणेचार महिन्यांनी लावला. तोवर 'ट्रेडर्स'च्या खात्यात ३१२ रुपये उरले होते. डिसेंबरात सीएनं माझं २६एएस, म्हणजे माझ्या नावावर सरकारात जमा झालेल्या कराचा उतारा, काढून दाखवलं, त्यात टीसीएसची नोंदच नव्हती. म्हणजे सरकारच्या नावानं घेतलेले २४,६७५ सुद्धा त्याच खिशात.

शेवटी ग्राहक आयोगात गेलो. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही. रक्कम पाच लाखांच्या वर म्हणून मला २०० रुपये शुल्क पडलं. पाच लाखांपर्यंत तेही नाही. त्या रविवारी हॉलमध्ये असलेल्या कुणी अजून तक्रार केली नसेल तर करा, लाजेपायी बसू नका. मुलापासून लपवत मी दोन महिने घालवले. त्या दोन महिन्यांत चोराचंच काम झालं.

गडहिंग्लजच्या जोडप्याचे ३,१०,००० गेले. आम्ही तक्रारी बरोबरच दाखल केल्या, तारखेला बरोबरच बसतो. त्या गृहस्थांनी हॉलमधल्या माझ्या बोलण्याचा विषय आजवर काढलेला नाही. मागच्या तारखेला बाकावर त्यांच्या मिसेसनी डबा उघडला, माझ्या हातावर भाकरी-पिठलं ठेवलं आणि विचारलं, "गुरुजी, ते प्राग मग कुठल्या नदीवर हाय?"

"वल्तावा," मी म्हणालो.

"मग तवाच सांगायचं नव्हतं व्हय?"